आधी दोन्ही बाईंना दाखव, मग महोत्सवाला पाठव

पत्र:

ताई, मी २८ वर्षांची. नागपुरात मानेवाड्याला आईबाबा आणि दादासोबत राहते, मिहानमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. मला मुली आवडतात, हे घरात कुणालाच माहीत नाही. ऑफिस सुटल्यावर मी सिनेमा करते. पहिला लघुपट १४ मिनिटांचा, मिळून खानावळ चालवणाऱ्या दोन बायकांवरचा, मोबाइलवर काढलेला. आता माहितीपट करतेय. ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षिका तीसेक वर्षं एका घरात राहतात. गल्ली त्यांना मोठ्या बाई आणि धाकट्या बाई म्हणते, मैत्रिणी समजते. दोघी कॅमेऱ्यासमोर अगदी मोकळेपणाने बोलल्या. पण नंतर धाकट्या बाई म्हणाल्या, "बाळा, माझं तेवढं काढून टाक." तेच फुटेज सगळ्यांत चांगलं आलंय. चेहरा ब्लर करून वापरू का? दुसरं, नोकरी सोडून मुंबईला जाऊ का? इथे राहून सिनेमा होत नाही असं सगळे म्हणतात. आणि असेच सिनेमे करत राहिले तर 'ती तसले सिनेमे करते' हा शिक्का कायमचा बसेल का? घरी कळलं तर काय, हा विचार तर रात्रंदिवस चालू असतो.

— मानेवाड्यातून एक वाचक

(पत्र थोडक्यात दिलं आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातले काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात नोकरी, मुंबई, शिक्का असं बरंच आहे, पण धाकट्या बाईंचा प्रश्न मी आधी घेते. बाकी ठिकाणी चुकलीस तर तुझी एक-दोन वर्षं वाया जातील. इथे चुकलीस तर दोन म्हाताऱ्या बायकांचं उरलेलं आयुष्य विस्कटेल.

ते फुटेज वापरू नकोस. ब्लर करूनही नको. बाईंनी आयुष्यभर वर्गात हजेरी घेतली आहे. तो आवाज ओळखणारी माणसं आज धरमपेठेत, सक्करदऱ्यात, जरीपटक्यात संसार करताहेत. बाई पडद्यावर नुसतं "बाळा" म्हणाल्या तरी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणेल, "अवो, ह्या त आपल्या बाई!" आवाज बदललास तरी घराच्या भिंती आहेत, अंगण आहे, आणि मोठ्या बाई तर उघड्या चेहऱ्याने समोर बसल्या आहेत. एक ओळखू आली की दुसरी आपोआप ओळखू येते. म्हणजे मोठ्या बाईंनी दिलेला होकारसुद्धा त्यांच्या एकटीचा राहत नाही. हे तू त्यांनाही समजावून सांगायला हवं. कदाचित त्यांनी या बाजूने विचारच केला नसेल.

दोघी मोकळेपणाने बोलल्या असं तू लिहितेस. बोलल्या असणारच. पण त्या कुणाशी बोलल्या? रोज येणाऱ्या-जाणाऱ्या, आपल्या वाटणाऱ्या एका मुलीशी. मुंबईच्या भरलेल्या सभागृहाशी त्या बोललेल्या नाहीत. ट्रेलरमधून कापलेल्या तीस सेकंदांच्या रीलशी, आणि ती रील ज्याच्या फोनवर जाईल त्या पुतण्याशी तर मुळीच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर हे सगळं धाकट्या बाईंच्या डोळ्यांसमोर आलं असेल आणि सकाळी त्यांनी तुला सांगितलं असेल. यात भित्रेपणा नाही. त्यांना आपलं गाव माहीत आहे.

आता सिनेमाच्या बाहेरची एक गोष्ट विचारते. ते घर कुणाच्या नावावर आहे? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा डाग पुसला. पण ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क काही दिला नाही. त्यामुळे तीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या या दोघी कायद्याच्या नजरेत एकमेकींच्या कुणी लागत नाहीत. घर मोठ्या बाईंच्या नावावर असेल आणि त्या उद्या गेल्या, तर मृत्युपत्र नसताना ते घर भाऊ-पुतण्यांकडे जाईल. धाकट्या बाईंना सामान उचलायला सांगतील. आजवर जे नातेवाईक 'दोघी मैत्रिणी राहतात, राहू देत' म्हणत गप्प बसले, त्यांच्या हातात तुझा माहितीपट भांडणाचं निमित्त देऊ शकतो. म्हणून पुढचं शूट ठरवायच्या आधी त्यांची एका वकिलाशी गाठ घालून दे. मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी, म्हणजे पुढे कुणी शंका काढत नाही. सोबत मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. तुझ्या सिनेमाचं पुढे काहीही होवो, हे काम झालंच पाहिजे, आणि ते करवून घेणारी त्यांच्या ओळखीत कदाचित तू एकटीच असशील.

माहितीपट बंद कर असं मी म्हणत नाही. धाकट्या बाईंचा भाग बाजूला काढ, त्याची एक प्रत त्यांना दे, तुझी प्रत कुलूपबंद ठेव, आणि उरलेल्यातून जे उभं राहील ते कच्च्या स्वरूपात सगळ्यांत आधी त्या दोघींना त्यांच्याच टीव्हीवर दाखव. तुझ्या एडिटरच्याही आधी. दाखवताना मधे बोलू नकोस, समजावू नकोस, त्यांचे चेहरे बघ. मग संमतीपत्राचं बोल. ते सोप्या मराठीत असू दे, आणि प्रत्येक गोष्टीची सही वेगळी घे: महोत्सवात दाखवायला हो की नाही, इंटरनेटवर टाकायला हो की नाही, पोस्टरवर फोटो चालेल की नाही, बातमीत नाव चालेल की नाही. महोत्सवाला हो आणि यूट्यूबला नाही, असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. एडिट कायम होईपर्यंत केव्हाही माघार घेता येईल, हेही त्यातच लिही. एवढं करून दोघी नको म्हणाल्या तर फुटेज त्यांचं झालं. त्यांच्या आयुष्याची ती आठवण म्हणून त्यांच्या कपाटात राहील.

त्यांच्या परवानगीने एक वेगळी वाटही आहे. त्यांच्याकडून तुला जे मिळालं त्याची कथा कर. शाळा बदल, गल्ली बदल, शिक्षिकांऐवजी पोस्टात काम करणाऱ्या दोघी घे. खानावळीच्या लघुपटाची लिंक तू पत्रासोबत पाठवली होतीस, ती मी पाहिली. त्यात एक बाई दुसरीला न विचारता तिच्या ताटातली तर्री आपल्या ताटात ओतून घेते. त्या क्षणी मला त्यांचं सगळं कळलं. त्याच लघुपटात शेवटी त्या दोघी समाजाबद्दल जे बोलतात, ते मात्र तू बोलतेस, त्या नाही. आणि पुण्याच्या मराठीत बोलतेस. तीस वर्षं एकत्र काढलेल्या बायका प्रेमावर बोलत नाहीत गं. सिलिंडर कधी संपला, दुधाचे पैसे कुणी दिले, "तू अजून औषध नाही घेऊन राहिली का" यावर बोलतात. तुझी ताकद तिथे आहे.

मराठी पडद्यावर अशा बायका किती आल्या ते आठवून बघ. १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये महिलाश्रमातल्या दोघींच्या नात्याचा धागा आहे, पण तो आश्रमापुढची अडचण म्हणून येतो. दीपा मेहतांचा, दोन जावांच्या प्रेमाचा 'फायर' १९९८ ला भारतात लागला तेव्हा मुंबई-दिल्लीत थिएटरांची मोडतोड झाली. त्यानंतर मराठीत रोहन कानवडे या दिग्दर्शकाचा 'उ उषाचा' हा लघुपट २०१९ ला आला, शेतमजुरी करणाऱ्या एकट्या आईला शाळेतल्या बाईंची ओढ लागते त्याची गोष्ट. हाताच्या बोटांवर मोजावीत अशी ही नावं. मला तर ही जागा तुझ्यासाठी मोकळी पडलेली दिसते.

याच कानवडेंच्या वाटेवरून तुझ्या मुंबईच्या प्रश्नाकडे येते. मुंबईतल्या झोपडपट्टीत, एका खोलीत वाढलेला, ड्रायव्हरचा मुलगा. शिक्षण इंटिरियर डिझाइनचं. फिल्म स्कूलचं तोंडही पाहिलं नाही. वडील गेल्यावर गावी काढलेल्या सुतकाच्या दहा दिवसांतून त्यांना दोन पुरुषांच्या प्रेमाचा 'साबर बोंडं' हा सिनेमा सुचला. ते साल २०१६. मधल्या काळात लघुपट केले, पटकथा पुन्हा पुन्हा लिहिली, एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) मराठी पटकथा शिबिरातून आणि व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या कार्यशाळेतून ती तावूनसुलाखून घेतली, पैसे उभे केले. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये सिनेमा आपल्याकडे थिएटरात लागला. सुचण्यापासून पडद्यापर्यंत नऊ वर्षं! पुरस्काराचे फोटो सगळ्यांनी शेअर केले. मला त्या नऊ वर्षांचं भाडं, किराणा आणि लाइटबिल दिसतं.

या वाटेवर सगळ्यांत जास्त लागतो तो वेळ, आणि तो विकत घ्यायचं साधन आज तुझ्याकडे आहे: पगार, आणि घरभाडं न भरता राहायची सोय. नोकरी आत्ता सोडू नकोस. मुंबईत गेलीस की पहिली दोन-तीन वर्षं भाडं कमावण्यात जातील. दुसऱ्यांच्या सेटवर सोळा-सोळा तास उभी राहशील, स्वतःचं लिहायला रविवारही उरणार नाही. सेटवरचं काम शिकायचं असेल तर जरूर जा, पण मोठी रजा काढून, एका प्रोजेक्टपुरती. संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. महोत्सवाला, मीटिंगला तेवढं पुरतं. वर्षभराचा खर्च बाजूला पडला आणि हातात एक पूर्ण झालेला, चार ठिकाणी दाखवलेला लघुपट असला, की मग नोकरीचा पुन्हा विचार कर.

इथे राहून सिनेमा होत नाही म्हणणाऱ्यांना 'झुंड' कुठे घडतो ते विचार. राजकुमार हिरानी नागपूरचेच, हे तर तुला पाठ असेल. इथे लग्नाचे व्हिडिओ काढणारी इतकी पोरं आहेत की चांगला कॅमेरा आणि तो चालवणारा हात शनिवार-रविवारी मिळून जातो (लग्नसराई सोडून, त्या दिवसांत कुणी फोनही उचलत नाही). गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजला झाडीपट्टी रंगभूमीचे नट आहेत, हजारो लोकांसमोर रात्र रात्र काम केलेले. त्यांच्यातल्या एखाद्या प्रौढ नटीला मोठ्या बाईंसारखी भूमिका दे, आणि ती काय करते बघ. याच मुलखातल्या खडी गंमत या लोकनाट्यात बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषाला लोक पहाटेपर्यंत टाळ्या देतात, आणि सकाळी त्याच्याशी कसे वागतात, हाही एक सिनेमा आहे. मुंबईत बसून तो कुणाला सुचणार?

पैशाचं सरळ सांगते. लघुपटातून पैसे येत नाहीत. माहितीपटातून आले तर उशिरा आणि थोडे. या क्षेत्रातले बहुतेक जण दुसऱ्या कामावर घर चालवतात: एडिटिंग, सबटायटल्स, कंपन्यांच्या फिल्म, शिकवणं. लोकवर्गणीही चालते. दिग्दर्शक ओनीर यांचा 'आय ॲम' हा सिनेमा चारशेहून जास्त लोकांच्या पैशांतून उभा राहिला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ओनीर यांच्यामागे तेव्हा आधीचा 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा होता, हे विसरू नकोस. पहिल्या-दुसऱ्या कामाला आपल्याच ओळखीतले लोक पैसे देतात, आणि ज्या ओळखीत तू अजून काही सांगितलेलं नाहीस तिथे वर्गणी मागणं म्हणजे सगळं एकदम सांगणं. म्हणून ते आत्ता नको. मुंबईचा 'कशिश' महोत्सव समलैंगिक आणि तृतीयपंथी दिग्दर्शकांना लघुपटासाठी अनुदान देत आला आहे, ते बघ. गोव्यात नोव्हेंबरमध्ये एनएफडीसीचा वेव्हज फिल्म बाजार भरतो, निर्माते आणि सिनेमे विकत घेणारे जमतात, तिथे एकदा नुसतं हिंडून ये.

शिक्का बसेल. खोटं कशाला सांगू? काही जाहिरात कंपन्या फोन करणार नाहीत. एखादा निर्माता म्हणेल, "विषय छान आहे, पण एक मुलगा, एक मुलगी करता येईल का?" पण त्याच शिक्क्यामुळे तुला शोधणारेही येतील. श्रीधर रंगायन यांच्या 'गुलाबी आईना'ला २००३ मध्ये सेन्सॉरने प्रमाणपत्र नाकारलं. इथल्या थिएटरात तो लागला नाही, जगभरच्या महोत्सवांत फिरला. पुढे त्याच माणसाने २०१० मध्ये 'कशिश' सुरू केला. आज मुंबईत या सिनेमांसाठी लोक रांगा लावतात आणि तुझ्यासारख्या मुलीला लघुपट पाठवायला हक्काचा पत्ता आहे. बर्लिन महोत्सवात अशाच सिनेमांसाठीचा टेडी पुरस्कार १९८७ पासून दिला जातो. म्हणजे जगात या सिनेमाचे स्वतःचे प्रेक्षक, परीक्षक, निवड समित्या आहेत, आणि खानावळीतल्या दोघींची नागपुरी त्यांना सबटायटल्सवरून नीट कळेल. तेव्हा 'हा सगळ्यांच्याच प्रेमाचा सिनेमा आहे' असलं पांघरूण माहितीपत्रकात घालू नकोस. दोन बायकांचा आहे, तसं लिही.

थिएटर, सेन्सॉर वगैरे पुढचं पुढे. आत्ता एवढंच की निवडक महोत्सवांना प्रमाणपत्रातून सूट मिळते, म्हणून तुझ्या लघुपटाचं पहिलं घर तेच. महोत्सव आटपेपर्यंत तो यूट्यूबवर टाकू नकोस, बरेच जण मग घेत नाहीत. पासवर्डची लिंक पाठव. प्रवेशशुल्क परवडत नसेल तर सवलत मागणारं छोटं पत्र लिही. लाजायचं काही नाही, देतात.

आणि आता घर. लघुपट निवडला गेला की शहराच्या पुरवणीत 'नागपूरच्या कन्येचा लघुपट' असं छापून येणार, आणि बाबा ते सकाळी चहासोबत वाचणार. त्यांना तसं कळू नये. त्यांना राग येईल म्हणून नव्हे, तर लेकीची एवढी मोठी गोष्ट शेजाऱ्यांसोबतच कळली हे त्यांना आयुष्यभर टोचेल म्हणून. अर्ज भरायच्या आधी घरातल्या एका तरी माणसाला सांग. तुझ्या पत्रावरून मला तो माणूस दादा वाटतो. तुझं ट्रायपॉड गच्चीवर चढवून देणारा आणि काही न विचारणारा दादा, असं तू लिहिलं आहेस. सांगताना सिनेमापासून सुरुवात करू नकोस, स्वतःपासून कर.

त्याआधी स्वतःची सोय बघ: तुझ्या एकटीच्या खात्यात पैसे, कागदपत्रं आणि हार्डडिस्क हाताशी, गरज पडली तर आठ दिवस राहायला एका मैत्रिणीचं घर. वाईट होईलच असं नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये याच नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी घरच्यांच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या, साऱ्या देशाने ती बातमी वाचली. २०१६ पासून आपल्या रस्त्यावर प्राईड यात्रा निघते. शहरात सारथी ट्रस्ट ही संस्था समलैंगिक आणि तृतीयपंथी लोकांसाठी काम करते, त्यांच्याशी आधी बोलून घे. आईबाबांना पुढे-मागे बोलावंसं वाटलं तर कुणाकडे जावं, हेही तिथे विचारून ठेव. आणि इतक्यात सांगायची तयारी नसेल तर श्रेयनामावलीत दुसरं नाव लाव. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, त्यात कमीपणा नाही. नाव नंतर बदलता येतं.

आता क्रम असा ठेव. या आठवड्यात धाकट्या बाईंकडे जा आणि त्यांचा भाग काढला आहे हे त्यांना लॅपटॉपवर दाखवून ये, नुसतं तोंडी सांगू नकोस. मग वकील. मग खानावळीच्या लघुपटातलं ते शेवटचं संभाषण काप, मला वाटतं तो अकरा मिनिटांचा होईल आणि खूप चांगला होईल. सबटायटल्स तू स्वतः केली आहेस, ती एकदा दुसऱ्या कुणाला तपासायला दे, दोन ठिकाणी अर्थ उलटा गेला आहे. दादाशी बोलायचा दिवस तुझा तू ठरव. काय झालं ते मला कळव. सदरात छापायचं नसेल तर पत्राच्या वर तसं लिही, ते माझ्यापाशीच राहील.

तुझी,
ताई